मळका डोळा बॉयलर उडवत नाही

भट्टीची गुरगुर थांबली आणि नुसता पंख्याचा आवाज उरला. देवराव बोलता बोलता गप्प झाला. "आग गेली," एवढंच म्हणाला आणि तेलाचा कॉक बंद करायला धावला.

त्याचा हात कॉकपर्यंत पोचला नाही. मोठ्या बॉयलरचं पुढचं दार उघडायला दोन माणसं लागत. ते दार बिजागरीतून निघालं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलं. मी लहान बॉयलरच्या मागे, पाण्याच्या लोखंडी टाकीच्या आडोशाला होते. मला आवाज ऐकू आला नाही, कानच बंद झाले. टाकीच्या वरून एक पिवळा लोळ छपरापर्यंत गेला, परत भट्टीत शिरला आणि मग भर दुपारी काळोख झाला. खोलीत काजळी इतकी भरली की माझाच हात मला दिसेना.

बॉयलरच्या तोंडासमोर शंकर होता. तो रंगखात्यातला. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती आणि तो त्यांच्या खात्याचे डबे न्यायला आला होता. आमच्याकडे सगळे सकाळी आपापले डबे बॉयलरपुढच्या कठड्यावर आणून ठेवत. दुपारी भाजी गरम मिळे. तो डबे उचलायला वाकलेला होता.

कॉक अजून उघडाच होता. तेल आत पडतच होतं. मी भिंत चाचपत पुढे गेले, लुगड्याचा पदर हाताला गुंडाळला आणि कॉक फिरवला. पदर चिकटला. उजव्या तळव्याची कातडी त्याच्याबरोबर गेली. मग पायाला देवराव लागला, त्याला काखेत धरून दाराकडे ओढला. शंकरला बाहेरून आलेल्या माणसांनी काढला, पाण्यात बुडवलेली पोती टाकून.

जाता जाता मी पॅनेलकडे पाहिलं. त्या काळोखात एक हिरवा दिवा लागलेला होता. हिरवा दिवा म्हणजे भट्टीत आग नीट चालू आहे. आणि पॅनेलच्या पत्र्याआड, भिंतीवर, साठाचा एक बल्ब मजेत जळत होता.

त्या बल्बाची गोष्ट मला लिहायची आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मुलीला तिकडे धाडायचं नाही असं घरात ठरलं, त्यात कोणाला दोष देत बसायला मला वेळ नाही. नागपूरहून कन्हानकडे जाणाऱ्या रस्त्यावर साड्या रंगवायचा एक कारखाना होता. त्याचं नाव लिहीत नाही. मी तिथे झाडूवाली म्हणून लागले तेव्हा सत्तर साल उलटलं होतं. नवरा होता, कमवत नव्हता. हेही एका वाक्यात पुरे.

ज्यांनी बॉयलर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठं लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं असतं, त्यात पाणी, आणि पोटातून एक भट्टी. भट्टीत जाडं काळं तेल फवाऱ्यानं मारतात आणि ते पेटवतात. पाण्याची वाफ होते, वाफ नळानं रंगाच्या टाक्यांत जाते आणि टाक्या उकळतात. वाफ कमी पडली की रंग नीट चढत नाही. साडी निघते ती चट्ट्यापट्ट्यांची. त्यामुळे कारखान्यात बाकी काही बंद पडलं तर लोक विड्या ओढत, बॉयलर बंद पडला तर साहेब स्वतः धावत येत.

आता डोळा. भट्टीच्या बाजूला एक बोटाएवढी नळी असते आणि त्या नळीत काचेचं एक बटण खोचलेलं असतं. त्याला दोन तारा. काचेच्या आत बारीक नागमोडी रेघ दिसते, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. नाव त्याचं फोटोसेल. आम्ही डोळाच म्हणायचो, कारण तो तेच काम करी. नळीतून तो रात्रंदिवस आगीकडे बघत बसे. आग दिसते आहे तोवर तेल चालू. आग दिसली नाही की ठक्कन तेल बंद, घंटा, लाल दिवा.

हे मला याकूबभाईंनी समजावलं. ते कारखान्याचे इलेक्ट्रिशियन. माणूस गमतीचा, जीभ तिखट.

"पाण्याची तोटी असते ना बाई, तशी ही करंटची तोटी समज," ते म्हणाले. "उजेड पडला, तोटी खुली. अंधार झाला, तोटी बंद. बस. येवढीच अक्कल आहे त्याले."

"अन् आग हाय का बल्ब हाय, हे कयते का त्याले?"

"त्याले काय करायचं? उजेड म्हनजे उजेड."

हे मी विचारलं होतं, बल्ब यायच्या वर्षभर आधी. याकूबभाई नंतर म्हणायचे की तूच कल्पना दिली. ते खोटं आहे, पण मला ते ऐकून झोप लागत नसे.

डोळ्यावर काजळी धरते. दर पाळीला तो नळीतून काढून पुसावा लागतो. हे काम माझ्याकडे कसं आलं तेही सांगते. एका नव्या माणसानं डोळा राखेनं घासला होता, तव्यासारखा. काचेवर चरे पडले आणि डोळ्याला सगळं धुरकट दिसायला लागलं. एका पाळीत आठ वेळा बॉयलर बंद. देवराव बॉयलर चालवणारा, सरकारी सर्टिफिकेट असलेला माणूस, तो चिडून म्हणाला, "याच्यापेक्षा आपली इंदूबाई बरी. काच पुसाले अक्कल नाही लागत, हलका हात लागते." मी जुन्या धोतराचा मऊ झालेला तुकडा आणला, तोंडाची वाफ दिली आणि पुसलं. त्या दिवसापासून दोन्ही बॉयलरचे डोळे माझे. याकूबभाई रोज दारातून ओरडायचे, "काय वं डॉक्टरीणबाई, किती पेशंट तपासले आज?"

"दोन. तिसरा दारात उभा हाय, त्याले आपलं सोडून सगळ्याईचं दिसते."

एकदा साहेबांनी फाटकासाठी नवा दिवा आणला. त्यालाही असाच डोळा होता, अंधार पडला की दिवा आपोआप लागणार. याकूबभाईंनी तो मोठ्या थाटात खांबावर चढवला. संध्याकाळी दिवा लागला, विझला, परत लागला, परत विझला. चौकीदार हातात चप्पल घेऊन खांबाखाली उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खांबाला लिंबू-मिरची बांधलेली आणि पाळी सुटलेल्या बाया दुसऱ्या फाटकातून जायला लागल्या.

मी पाच मिनिटं खाली उभी राहून पाहिलं आणि याकूबभाईंना म्हटलं, "दिवा आपल्याच डोळ्यावर उजेड मारून राहिला, भाई. लागला का त्याले वाटते सकाळ झाली. विझला का वाटते रात झाली."

त्यांनी शिडी आणली, डोळा पलीकडे वळवला आणि सगळ्या कारखान्यात सांगितलं की खराबी आपण शोधली. मी दहा वर्षं त्यांना तो दिवा दाखवून हसत असे.

तर डोळा हुशार नसतो. त्याला फसवणं लहान पोराला फसवण्याहून सोपं. त्याचा चांगुलपणा एकाच गोष्टीत आहे: काही बिघडलं की तो काम थांबवतो. काच मळली, थांबवतो. तार तुटली, थांबवतो. डोळा फुटला तरी थांबवतो. साहेब लोकांना नेमका हाच गुण खुपतो.

त्या हिवाळ्यात तेल वाईट आलं. काकवीसारखं घट्ट आणि त्यात पाणी. तेल गरम करायचा हीटर अर्धा जळालेला. आग फडफडे, मधेच विझल्यासारखी होई, आणि डोळा आपलं काम करी. ठक्, घंटा, लाल दिवा. परत चालू करायला दहा मिनिटं, कारण आधी पंख्यानं भट्टीतली तेलाची वाफ बाहेर काढावी लागते. तोवर टाक्या गार. लग्नसराईचा माल अंगावर होता. मॅनेजरसाहेब दिवसातून चारदा येऊन उभे राहत.

"मला कारण नको, स्टीम पाहिजे," ते म्हणत.

"हीटर बदलाले पाह्यजे, साहेब," देवराव सांगे.

"मागवला आहे. तोवर काय करता येईल ते बोला."

तोवर जे करता येईल ते याकूबभाईंना ठाऊक होतं, आणि एक दिवस साहेबांनी ते त्यांच्याकडून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी याकूबभाईंनी पॅनेलच्या मागे भिंतीत दोन भोकं पाडून, गोल लाकडी चकतीवर बल्बचा होल्डर बसवला. डोळा नळीतून काढायचा आणि त्या बल्बासमोर बांधायचा. आग फडफडो की काही होवो, डोळ्याला छान उजेड दिसणार, तेल चालू राहणार.

देवराव म्हणाला, "साहेब, आग खरीच विझली तर मले कसं समजन?"

"तुमचे डोळे आहेत ना?" साहेब म्हणाले. "सर्टिफिकेट कशाला दिलंय सरकारनं?"

देवराव परत भट्टीकडे वळला. मीही तिथेच होते, फडकं पिळत. मीही काही बोलले नाही. झाडूवालीला कोणी विचारलं नव्हतं हे खरं, पण मला न विचारता बोलायची सवय होती आणि त्या दिवशी मी ती वापरली नाही. हीटर येईपर्यंत म्हणाले होते. तीन महिने झाले, हीटर आला नाही.

यातही एक खुबी होती. बॉयलर चालू करताना डोळ्याला आधीपासूनच उजेड दिसला तर पॅनेल ऐकत नसे. आग लागायच्या आधी उजेड कुठून आला, असं त्यालाही वाटे. म्हणून सुरुवातीला डोळ्यावर अंगठा दाबून ठेवायचा. पंखा फिरतो, ठिणगी पडते, तेल सुटतं, भट्टी पेटते. त्या घटकेला अंगठा काढायचा आणि डोळा बल्बाला दाखवायचा. याला एकाचे दोन हात पुरत नाहीत. देवराव बटणावर असताना दोनदा तो अंगठा माझा होता. लपवण्यासारखं काही नाही. तेव्हाही लपवलं नाही, ते पुढे येईलच.

त्या दुपारी तेलातून पाण्याचा मोठा घोट आला असावा आणि आग पूर्ण विझली. डोळा नळीत असता तर दोन-तीन सेकंदांत तेल बंद झालं असतं आणि आम्ही घंटेला शिव्या देत जेवायला बसलो असतो. पण डोळा बल्बाकडे बघत होता. तेल लाल तापलेल्या विटांवर पडत राहिलं, भट्टी त्याच्या वाफेनं भरली आणि त्या विटांनीच तिला पेटवलं. देवरावनं आवाजावरून ओळखलं, पण माणसाचे पाय डोळ्याइतके जलद नसतात.

देवरावचं तोंड, छाती, मान आणि दोन्ही हात भाजले. शंकर पुढून सगळाच. दोघांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मला तळव्याला पट्टी बांधून घरी पाठवलं. त्याच संध्याकाळी, सगळे दवाखान्याच्या दारात असताना, कोणीतरी होल्डर भिंतीतून काढून नेला आणि डोळा परत नळीत खोचून ठेवला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद आणि शेजारी अंगठ्याच्या शाईची डबी उघडून ठेवलेली. बसायला खुर्ची दिली. चार वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा खुर्ची दिली, तेव्हाच मी समजले.

"इंदूबाई, उद्या सरकारी इन्स्पेक्टर येणार आहेत. ही नुसती पद्धत आहे. इथे अंगठा कर."

"वाचतो आधी," मी म्हटलं.

त्यांना ते अपेक्षित नव्हतं. मी सावकाश वाचलं, ओठ हलवत, जसं मला येतं तसं. लिहिलं होतं की फोटोसेलची काच पुसण्याचं काम माझ्याकडे होतं, त्या दिवशी माझ्या नजरचुकीनं ती पुसायची राहिली, त्यामुळे फोटोसेलला आग विझल्याचं समजलं नाही आणि स्फोट झाला.

"हे उलटं आहे," मी म्हटलं.

"काय उलटं?"

"मयका डोळा बॉयलर बंद करते, साहेब. उडवत नाही."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टेबलच बोललं होतं. मग आवाज खाली आणला. "हे बघ, तुला काही होणार नाही. अशिक्षित बाई, नजरचूक झाली, संपलं. तुला दुसऱ्या खात्यात घेऊ. पण तू बल्बाचं नाव काढलंस तर ते देवरावच्या गळ्यात पडेल. सर्टिफिकेट त्याचं आहे. बॉयलरवर तो होता. त्याचं सर्टिफिकेट गेलं तर भाजलेले हात घेऊन तो कुठे जाणार? विचार कर."

म्हणजे दोन्हीकडून बांधलं. सही केली तर दोन माणसं माझ्या आळसानं भाजली असं कायमचं लिहिलं जाणार. नाही केली तर देवरावनं भाजली. साहेब दोन्ही कागदांत नव्हते.

मी सही केली नाही. "उद्या सांगतो," म्हटलं आणि सरळ दवाखाना गाठला.

देवरावच्या तोंडावर पट्ट्या, डोळे आणि ओठ तेवढे उघडे. बायको गिरजा उशाशी पंखा हलवत होती. ऑफिसातला माणूस तिच्याकडेही येऊन गेला होता.

तिनं मला पाहिलं आणि सरळ हात धरला. "बल्बाचं बोलू नको वं बाई. याईचं सर्टिफिकेट जाईन. तुले काय, तू झाडूवाली, तुले कुठीबी काम भेटन."

"अन् मी दोन मानसं जाळली असं लिहून देऊ?"

"तसं नाही म्हनत मी..."

"तसंच लिहिलं हाय तिथी. मी वाचून आली."

देवराव मधे बोलला. आवाज घोगरा झाला होता. "गिरजे, गप. इंदूबाई, तुले किती वर्सं झाली डोळे पुसून राहिली?"

"तीन."

"त्या दिवशी पुसला होता?"

"सकाळी आठाले. दोन्ही."

"मंग तसंच सांग. अन् डोळा त्या बल्बापुढं मी बांधत होतो, माह्याच हातानं, तेबी सांग. पन भिंतीले भोकं कोनं पाडाले लावली, ते सोडू नको. माह्या घरून नाही आनला मी तो होल्डर." थोडा थांबून म्हणाला, "अन् शंकर कसा हाय?"

गिरजेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वरच्या माळ्यावर हाय. आपल्या बायकोशी बोलला आज." ते खरं होतं. काय बोलला ते मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. सुकलेला, चष्मेवाला माणूस, हातात स्वतःची बॅटरी. साहेबांनी त्यांना मोठा बॉयलर दाखवला, तुटलेलं दार दाखवलं, नळीतला डोळा दाखवला आणि तोच कागद पुढे केला. म्हणाले, "बाईला सही करायला सांगतोय, घाबरली आहे बिचारी."

"मी घाबरली नाही," मी म्हटलं. "लिहिलेलं खोटं आहे."

"बाई, मोठ्यांच्या मधे..."

"बोलू द्या," इन्स्पेक्टर म्हणाले. "काय खोटं आहे?"

मी म्हटलं, "साहेब, बोलून दाखवायला मला येत नाही. करून दाखवते. लहान बॉयलर चालू आहे."

साहेब म्हणाले, हात लावू नकोस. इन्स्पेक्टर म्हणाले, लावू द्या. मी लहान बॉयलरचा डोळा नळीतून काढला, रोज काढायची तसाच, आणि डाव्या अंगठ्यानं दाबून धरला. उजव्या हाताला पट्टी होती. ठक्. गुरगुर थांबली, घंटा वाजली, लाल दिवा लागला.

"हा मळका डोळा," मी म्हटलं. "याच्यापेक्षा मळका काय असणार? अंगठाच आहे वर. काय झालं?"

"बंद झाला," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांना हे आधीच माहीत होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. पण कोणीतरी म्हणून दाखवायला हवं होतं.

"आता दुसरं." मी तेलाचा कॉक हातानं बंद केला, दोनदा तपासला आणि याकूबभाईंना हाक मारली. ते कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते, तीन दिवसांत एकदाही मला डॉक्टरीणबाई म्हणाले नव्हते. "भाई, घंटा बंद करा अन् चालू करा."

ते साहेबांकडे बघत राहिले.

"काहून थांबले? बटन दाबाले बी हुकूम पाह्यजे का?"

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला. आम्ही सगळे नुसते उभे. ठिणगीचा चरचर आवाज आला. तेल नव्हतंच, तर पेटणार काय? मी अंगठा काढला आणि डोळा दाराच्या उन्हाकडे धरला. पॅनेलवर हिरवा दिवा लागला.

"साहेब, आत बघा."

इन्स्पेक्टरांनी भट्टीच्या काचेतून पाहिलं. आत अंधार. मग वळून हिरवा दिवा पाहिला. मग पुन्हा आत पाहिलं. लहान बॉयलर नुसता हवा फेकत होता आणि पॅनेल सांगत होतं की आग चालू आहे.

"त्या दिवशी दाराऐवजी बल्ब होता," मी म्हटलं.

"कुठला बल्ब?" साहेब म्हणाले. "इथे कुठे बल्ब आहे?"

मी इन्स्पेक्टरांना पॅनेलच्या मागे नेलं. सगळी भिंत काजळीनं काळी कुट्ट. मधे बशीएवढा गोल पांढरा चुना, आणि त्यात स्क्रूची दोन भोकं. काजळी उडाली तेव्हा तिथे काहीतरी होतं आणि नंतर काढलं, हे सांगायला चौथी पास व्हायचीही गरज नव्हती. मी होल्डर काढणाऱ्याला मनात धन्यवाद दिले. त्यानं पुसायचं काम केलं असतं तर मी हरले असते. पण पुसायचं काम आमच्याकडे माझ्याशिवाय कोणी करत नसे.

"हे कोणी बसवलं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

 मी याकूबभाईंकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं होतं, माणसाला वेळ द्यावा लागतो. पंखा अजून फिरतच होता.

"मी लावला, साहेब," याकूबभाई म्हणाले. "काढला बी मीच. दोन्ही वक्ताले हुकूम यांचा." आणि बोटानं दाखवलं, नाव घेतलं नाही. "लिहा माहं नाव. माहं, देवरावचं, साहेबाचं, तिघांचं लिहा, पन या बाईचं नोका लिहू."

"माझंही लिहा," मी म्हटलं. "दोनदा अंगठा धरला मी, चालू करताना. त्या दिवशी नाही, पण आधी दोनदा."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, हे सांगायची गरज नव्हती."

"मग तेवढंच खोटं राहिलं असतं."

त्यांनी सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि मी सही केली. शाईची डबी कोणी पुढे केली नाही.

मॅनेजरसाहेबांना मालकांनी काढलं. दुसरीकडे लागले असतील, असे लोक लागतात. देवरावचं सर्टिफिकेट वर्षभर अडकवलं. हात बरे व्हायला त्याला तेवढाच वेळ लागला, नंतर परत मिळालं. गिरजा मला सहा महिने बोलली नाही, मग बोलायला लागली. याकूबभाईंना आणि मला लेखी ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे. माझ्या नावानं आलेलं ते पहिलं सरकारी ढंगाचं पत्र.

मला दुसऱ्या खात्यात जा म्हणाले. मी नाही गेले. डोळे मीच पुसणार म्हटलं आणि त्यानंतर कारखाना बंद पडेपर्यंत, पंच्याऐंशीच्या आसपास, मीच पुसले. बॉयलरखोलीत कोणी सुटा बल्ब आणला तर मी तो त्याच्यासमोर फरशीवर आपटत असे. नवे साहेब म्हणत, बाई फार तोंडाळ आहे. होते. आजही आहे. डब्यांचा कठडा मी छिनीनं स्वतः तोडला. ते मी आधी करायला हवं होतं. ज्यांनी भाजी थंड मिळते म्हणून तक्रार केली त्यांना म्हटलं, थंड खा.

आता म्हणतात की मोबाईलमध्येही असा डोळा असतो, गाडीत असतो, लिफ्टच्या दारात असतो. असू देत. तो जेव्हा काम थांबवेल तेव्हा त्याला शिव्या देऊ नका आणि त्याच्यापुढे बल्ब धरू नका. मला एवढंच येतं आणि एवढंच मी सांगते.

त्या दुपारी बॉयलरखोलीत आम्ही तिघं होतो. शंकर चौदाव्या दिवशी सकाळी वारला. देवराव आणि मी जगलो.